मुलाची केमो चालू असताना: खाणंपिणं आणि व्हिटॅमिनच्या बाबतीत या चुका टाळा

ब्लड कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या साडेचार वर्षांच्या मुलीची आई माझ्यासमोर बसली आणि पिशवीतून एकेक बाटली काढून टेबलावर मांडू लागली. मल्टीव्हिटॅमिन, लोहाचं टॉनिक, ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ थेंब, व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं व्हिटॅमिन डी. यातली एकही बाटली वॉर्डातून लिहून दिलेली नव्हती. कुणी ना कुणी मायेपोटी आणून दिलेल्या होत्या. ‘अंगात काही उरलंच नाही हो तिच्या, म्हणून देते,’ ती म्हणाली. तिचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. लेकराच्या बरगड्या दिसायला लागल्यावर कुठली आई गप्प बसेल? पण त्या सहा बाटल्यांपैकी निदान तीन अशा होत्या, की त्या बंद केल्याशिवाय मला पुढे बोलताच येईना.

मुलांच्या आहाराचं काम करताना हे वारंवार दिसतं. निरोगी मुलाला जे पौष्टिक, ते केमोवरच्या मुलाला तसंच्या तसं लागू पडत नाही. या आठवड्यात कोणतं औषध चालू आहे, ते आधी पाहावं लागतं.

टॉनिक मनाने सुरू करणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

फॉलिक ॲसिड रक्त वाढवतं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण ल्युकेमियाच्या, म्हणजे ब्लड कॅन्सरच्या, उपचारातलं मेथोट्रेक्सेट हे औषध कामच मुळी फोलेटची (फॉलिक ॲसिड हे त्याचंच एक रूप) वाट अडवून करतं. याचा इतिहासही बोलका आहे. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांच्या लक्षात आलं, की फोलेटच्या गटातली द्रव्यं दिल्यावर ल्युकेमिया झालेल्या मुलांचा आजार उलट जोर धरतो. मग त्यांनी फोलेटला विरोध करणारं अमिनोप्टेरिन वापरून पाहिलं आणि 1948 साली काही मुलांमध्ये आजार तात्पुरता हटल्याचं प्रसिद्ध केलं. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातलं. मोठ्या मात्रेच्या मेथोट्रेक्सेटनंतर डॉक्टर ल्युकोव्होरिन देतात, तेही फोलेटचंच रूप. पण ते घड्याळ लावून, रक्तातली औषधाची पातळी पाहून दिलं जातं. घरच्या बाटलीतल्या फॉलिक ॲसिडला ते घड्याळ नसतं. मल्टीव्हिटॅमिनमध्येही फॉलिक ॲसिड असतं, त्यामुळे लेबल डॉक्टरांना दाखवा. कधी ते साध्या मात्रेला होकार देतात, कधी नाही.

लोहाचं तसंच. हिमोग्लोबिन कमी दिसलं की घरात लोहाची बाटली येते. या मुलांचं रक्त बहुतेक वेळा लोह कमी पडल्यामुळे उतरलेलं नसतं. आजारामुळे आणि केमोमुळे अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, रक्ताच्या पेशीच पुरेशा तयार होत नसतात. शिवाय रक्ताच्या एका पिशवीबरोबर साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात, हृदयात साठत जातं. दहा-बारा वेळा रक्त चढलेल्या मुलाला वर लोहाचं टॉनिक देणं म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओतणं.

न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कॅन्सरसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा एपीएल या प्रकारच्या ल्युकेमियासाठी ट्रेटिनॉइन चालू असेल, तर व्हिटॅमिन ए असलेलं काहीही वेगळं द्यायचं नाही. ही औषधं स्वतःच व्हिटॅमिन एच्या कुळातली आहेत. दोन्ही मिळून विषबाधा होऊ शकते.

व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेने जी-6-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलांमध्ये तांबड्या पेशी फुटू शकतात. शिवाय अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या मात्रा काही केमोच्या कामात आड येतील, ही शंका तज्ज्ञांना आहे. फळांमधून मिळतं तेवढं सी ठीक.

आणि व्हिटॅमिन डी? इथे चूक दोन्ही बाजूंनी होते. ही मुलं उन्हात कमी जातात, स्टेरॉइडने हाडं विरळ होतात, त्यामुळे डी कमी असणं अगदी नेहमीचं आहे. रक्तातलं 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी दर मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमच्या खाली असेल, तर डॉक्टर बहुधा ते भरून काढायला सांगतात. ते लिहून दिलं असेल तर भीतीपोटी बंद करू नका. पण आठवड्यातून एकदा घ्यायची मात्रा रोज देणं, किंवा त्या आईसारखं दोन कंपन्यांचं एकदम देणं, यातून रक्तात कॅल्शियम वाढतं. मग मूल सारखं पाणी मागतं, उलट्या होतात, पोट साफ होत नाही. घरच्यांना वाटतं, केमोचाच त्रास आहे.

फक्त वजनकाट्यावर विसंबणं

‘वजन तर वाढलंय,’ असं आनंदाने सांगणारे वडील मला नेहमी भेटतात. स्टेरॉइड चालू असलेलं मूल रात्री दोनला उठून जेवायला मागतं, गाल गोल होतात, काटा वर सरकतो. त्याच वेळी मांड्या आणि दंड बारीक होत असतात. वाढलेलं असतं ते पाणी आणि चरबी. स्नायू घटलेले असतात. पोटात मोठी गाठ असलेल्या मुलाचंही तसंच होतं. गाठीचंही वजन असतं, त्यामुळे काटा फसवतो.

यावर साधा उपाय म्हणजे दंडाचा घेर. मूल डाव्या हाताचा कोपर काटकोनात वाकवतं. खांद्याच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंतच्या अंतराच्या मध्यावर पेनाने बारीक खूण करायची. मग हात सैल सोडायला सांगून खुणेवर टेप गुंडाळायची. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे असे: 11.5 सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 च्या दरम्यान मध्यम. मोठ्या मुलांसाठी वयानुसार तक्ते असतात. दर दोन आठवड्यांनी एकाच माणसाने मोजावं आणि तारखेसकट लिहून ठेवावं. आकडा सतत उतरत असेल, तर वजन काहीही सांगो, आहारतज्ज्ञाला गाठा.

केमोच्या दिवशी आवडीचं खाऊ घालणं

मुलाला सुई टोचणार, म्हणून आपण मुद्दाम त्याच्या सगळ्यात आवडीचं करून देतो. नेमकं हेच टाळायला हवं. इलीन बर्नस्टीन या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली दाखवून दिलं, की पोट ढवळणाऱ्या केमोच्या आधी नव्या चवीचं आइस्क्रीम खाल्लेली मुलं नंतर त्या चवीला नको म्हणू लागली. मळमळ कशामुळे झाली याच्याशी मेंदूला कर्तव्य नसतं. जी चव शेवटची, तिच्यावर तो खापर फोडतो. म्हणून मुलाचं आवडतं जेवण चांगल्या दिवसांसाठी राखून ठेवा. केमोच्या आधी हलकं, फारसं जिव्हाळ्याचं नसलेलं काही द्या. पुढे असंही दिसलं, की जेवण आणि केमोच्या मध्ये वेगळ्याच चवीची एखादी गोळी चघळायला दिली, तर नावड त्या गोळीवर जाते आणि जेवण वाचतं.

खात नाही म्हणून मागे लागणं

ताटासमोर तासभर बसवलेलं मूल अन्नाचाच धसका घेतं. आधी कारण शोधा. मळमळ असेल, तर उलटीचं औषध जेवणाच्या अर्धा तास आधी दिलं होतं का? तोंड आलं असेल, तर मऊ, गार, कमी तिखट आणि आंबट नसलेलं द्या. दुखणं कमी करणारं औषधही जेवणाआधी मागून घ्या. व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधाने जबडा दुखतो आणि आतडी मंदावतात. पोट गच्च झालेलं मूल खाणार तरी कसं? अशा वेळी नुसता चोथा वाढवला आणि पाणी कमी पडलं, तर मल आणखी कडक होतो. डॉक्टरांनी दिलेलं मल मऊ करणारं औषध चालू ठेवा. गुदद्वारातून एनिमा किंवा बत्ती मात्र घरी कधीच देऊ नका. पांढऱ्या पेशी कमी असताना तिथली छोटी जखमही रक्तात जंतुसंसर्ग घेऊन जाते.

साखर कॅन्सरला पोसते, म्हणून गोड आणि पिष्टमय सगळं बंद करणारी घरंही आहेत. कृपा करून असं करू नका. वाढत्या मुलाच्या तोंडचा घास काढल्याने कॅन्सरची उपासमार होत नाही. झिजतं ते मूल.

काउंट (पांढऱ्या पेशींची संख्या) कमी झाला म्हणून सगळंच बंद करणं

कच्ची फळं-भाज्या पूर्ण बंद करून संसर्ग कमी होतो, असं अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. स्वच्छतेने मात्र नक्की फरक पडतो. हात धुणं, फळ नीट धुऊन सोलणं, न उकळलेलं दूध आणि कच्चं अंडं टाळणं, शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर न ठेवणं. तुमच्या वॉर्डाचे नियम याहून कडक असतील, तर ते पाळा. प्रोबायोटिकच्या पुड्या विचारल्याशिवाय देऊ नका. त्यात जिवंत जिवाणू असतात. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत कायम ठेवलेली नळी) असलेल्या मुलांमध्ये ते रक्तात पोचल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

तापातला रिपोर्ट वाचून घाबरणं

संसर्ग किंवा दाह असताना रक्तातलं झिंक आणि व्हिटॅमिन ए खाली जातं, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारा आकडा) वर जातं. साठ्यात फरक पडलेला नसतानाही आकडे असे हलतात. म्हणून तापाच्या आठवड्यात काढलेला रिपोर्ट घेऊन औषधाच्या दुकानात जाऊ नका. सोबत सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) पाहिलं होतं का, हे डॉक्टरांना विचारा.

नाकातल्या नळीला शेवटपर्यंत नकार देणं

नाकातून पोटात अन्न पोचवणारी नळी घातली म्हणजे हरलो, असं पालकांना वाटतं. मी मात्र लवकर घाला म्हणेन. हातापायाच्या काड्या झालेल्या मुलाला मग अचानक भरपूर अन्न दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने पडतं, हृदयावर बेतू शकतं. तेव्हा थायामिन (व्हिटॅमिन बी-1) देऊन, थोडं थोडं वाढवत, रोज रक्त तपासत जावं लागतं. वेळेवर घातलेल्या नळीत बहुधा एवढं करावं लागत नाही. रात्री मूल झोपलेलं असताना फीड चालतं आणि दिवसा त्याला हवं तेवढंच ते तोंडाने खातं.

घरी नळी तुंबते ती बहुतेक औषधांमुळे. दोन औषधं एकत्र कालवू नका. प्रत्येक औषधाच्या आधी आणि नंतर नर्सने सांगितलं असेल तेवढं कोमट पाणी सिरिंजने हळूहळू सोडा. पाणी जात नसेल तर जोर लावू नका, नळीत तार तर अजिबात घालू नका, वॉर्डला फोन करा. नळी जागेवरून सरकली अशी नुसती शंका जरी आली, तरी त्यातून थेंबभरही काही देऊ नका.