गडद एनडी फिल्टरची रंगछटा: मोजावी कशी, सुधारावी कशी

एनडी (न्यूट्रल डेन्सिटी) फिल्टर म्हणजे लेन्ससमोर लावायची, प्रकाश घटवणारी गडद काच; तिच्या प्रत्येक स्टॉपमागे प्रकाश निम्मा होतो. १० स्टॉपचा एनडी फिल्टर लावला की सेन्सरपर्यंत मूळ प्रकाशाचा १०२४ वा भाग पोहोचतो आणि १/६० सेकंदाचे एक्स्पोजर १७ सेकंदांवर जाते. हा उरलेला प्रकाश लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांत सारखाच घटलेला असेल, तरच फिल्टर खरोखर तटस्थ म्हणता येईल. प्रत्यक्षात ली कंपनीचा बिग स्टॉपर निळसर झाकेसाठी आणि बी+डब्ल्यूचा ११० तपकिरी झाकेसाठी छायाचित्रकारांच्या परिचयाचा आहे.

ही झाक नुसत्या नजरेने जोखू नये. कोकण किनाऱ्यावर जांभ्याच्या कातळावर फुटणाऱ्या लाटा टिपताना दगडच मुळात तांबडा असतो, त्यामुळे त्यातला किती रंग दगडाचा आणि किती फिल्टरचा हे स्क्रीनकडे पाहून ठरत नाही. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, फोकस आधीच मॅन्युअलवर पक्का करून, त्याच प्रकाशात ग्रे कार्डचे (तटस्थ करड्या रंगाच्या कार्डाचे) एक छायाचित्र फिल्टरविना आणि एक फिल्टरसह, दोन्ही रॉमध्ये (सेन्सरची प्रक्रिया न केलेली फाइल) घ्यावे. डीएसएलआर असल्यास व्ह्यूफाइंडर झाकावा, कारण दीर्घ एक्स्पोजरमध्ये तिथून शिरलेला प्रकाशही चित्र बिघडवतो आणि दोष विनाकारण फिल्टरच्या माथी येतो. दुसऱ्या छायाचित्रातील कार्डावरून कस्टम व्हाइट बॅलन्स, म्हणजे ते कार्ड करडेच दिसेल अशी रंगांची जुळणी, घ्यावा. प्रकाश बदलला की तो पुन्हा घ्यावा. झाक फार तपकिरी असेल, तर लाइटरूम या संपादन सॉफ्टवेअरमधील व्हाइट बॅलन्सच्या तापमानाची पट्टी २००० केल्विनला अडते. अशा वेळी त्या कॅमेऱ्यासाठी वेगळे प्रोफाइल (सॉफ्टवेअरने रंग कसे वाचावेत याची नोंद) तयार करणे हाच नीट उपाय आहे. हिस्टोग्रामही (उजेडाच्या वाटणीचा आलेख) तिन्ही रंगांचा स्वतंत्र पाहावा, कारण एखादा रंग आलेखाच्या टोकाला जाऊन आधीच कापला गेला असेल तर नंतरची दुरुस्ती अपुरीच राहते.

अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड) किरणांमुळे होणारा बिघाड मात्र निराळा आहे आणि माझ्या मते तोच अधिक त्रासदायक आहे. अनेक गडद फिल्टर दृश्य प्रकाश अडवतात, पण अवरक्त किरण तुलनेने मोकळेपणाने जाऊ देतात, आणि कॅमेऱ्यातच सेन्सरवर बसवलेला अवरक्तरोधक फिल्टर ते पूर्णपणे रोखत नाही. एरवी नगण्य असलेला हा अंश दृश्य प्रकाश हजारपट घटल्यावर ठळक होतो. हा बिघाड ओळखण्यासाठी ग्रे कार्डाशेजारी कॅमेऱ्याची काळी नायलॉनची पिशवी आणि हिरवी पाने ठेवावीत. कार्ड करडे दिसूनही पिशवी मरून दिसली, तर अवरक्त गळती आहे असे समजावे. प्रत्येक वस्तू अवरक्त किरण वेगवेगळ्या प्रमाणात परावर्तित करते, त्यामुळे व्हाइट बॅलन्सने ही गळती दुरुस्त होत नाही. त्यासाठी अवरक्त किरणही अडवणारा फिल्टरच घ्यावा लागतो, किंवा मंद प्रकाशाची वाट पाहून कमी गडद फिल्टरवर काम भागवावे: सूर्यास्तानंतर फिल्टरविना अर्ध्या सेकंदाचे एक्स्पोजर येत असेल, तर ६ स्टॉपचा फिल्टरही ३२ सेकंद देतो, त्यासाठी फक्त बल्ब मोड (शटर हवे तितका वेळ उघडे ठेवण्याची सोय) आणि रिमोट जवळ असावा.