विमानप्रवासाचं अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

लंडनहून निघण्याची वेळ सकाळी ११, न्यूयॉर्कला पोहोचण्याची दुपारी २. वजाबाकी केली की तीन तास येतात आणि हिशेब तिथेच फसतो. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते. न्यूयॉर्क पाच तास मागे, म्हणजे प्रवास आठ तासांचा. मार्चमध्ये जास्त जपायला हवं. अमेरिकेतली घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनमधली शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे फरक चारच तासांचा राहतो. मी दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत आणतो, मगच वजाबाकी करतो. मग टोकियोहून रात्री निघालेलं विमान होनोलुलूला त्याच तारखेच्या सकाळी उतरलं, तरी गोंधळ होत नाही.

अंतराला वेगाने भागून वेळ काढणं ही सर्रास होणारी चूक. लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५४० किमी. ताशी ९०० किमी धरले तर सहा तास दहा मिनिटं. वेळापत्रकात मात्र जाताना आठ तासांच्या आसपास आणि येताना सात, कारण जेट स्ट्रीमचे, म्हणजे खूप उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यांच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचलं होतं! शिवाय वेळापत्रकातला वेळ गेटवरून हलल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. त्यामुळे ५०० किमीच्या उड्डाणालाही तासभर सहज जातो.

अंतर काढणारा कॅल्क्युलेटर दाखवतो ते पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत कमी अंतर. विमान त्याच रेषेने जाईलच असं नाही. २०२२ मध्ये युरोपीय विमानांना रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी ते टोकियो हा साधारण साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला.

अक्षांश-रेखांशांवरून स्वतः काढलेलं अंतर जुळत नसेल तर आधी एकक बघा. उत्तर १.८५ पट कमी असेल तर ते नॉटिकल मैलांत आहे, १.६ पट कमी असेल तर साध्या मैलांत. मग अंश-कला तपासा; एका अंशात ६० कला असतात. ४० अंश ३८ कला म्हणजे ४०.६३, ४०.३८ नव्हे. एवढ्याने जागा २८ किमी सरकते.

सगळ्यांत फसवी चूक रेखांशाच्या चिन्हाची. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ७३.७८ पश्चिम रेखांशावर आहे. पश्चिम रेखांश उणे लिहितात; ते उणे चिन्ह लिहायचं राहून गेलं तर तो थेट किर्गिझस्तानात जाऊन पडतो. पण लंडन शून्य रेखांशाला इतकं जवळ आहे की तिथून अंतर तरीही ५,६०० किमी येतं, आणि कुणालाच शंका येत नाही. म्हणून पडताळणीला लंडन घेऊ नका. टोकियोचा नारिता विमानतळ घ्या. तिथून केनेडीचं खरं अंतर सुमारे १०,८३० किमी आहे. चिन्ह चुकलं असेल तर ५,७०० येईल आणि चूक तिथल्या तिथे दिसेल.