महाकाव्यावर ॲनिमेशन शॉर्ट फिल्म करताय? या चुका टाळा

रत्नागिरी, कुडाळ, मालवणची मुलं आता घरच्या लॅपटॉपवर ॲनिमेशन करतात. ब्लेंडर, क्रिटा, ओपनटून्झ ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, शिकायला हवे तेवढे व्हिडिओ आहेत. कोर्सची फिल्म करायची वेळ आली की यातली बरीच जण रामायण-महाभारताकडे वळतात आणि मला ते मनापासून आवडतं. जत्रेत दशावतार बघत मोठ्या झालेल्या मुलांना ही पात्रं शिकवावी लागत नाहीत. पण गोष्ट आजच्या काळात आणताना या फिल्मा ठरावीक जागी अडतात, आणि त्यातल्या निम्म्या अडचणी पहिलं चित्र काढायच्या आधीच्या असतात.

पोशाख बदलला, पेच राहून गेला

हनुमानाच्या हातात मोबाइल, नारदाच्या गळ्यात कॅमेरा, पुष्पक विमानाच्या जागी ड्रोन. बघणारा एकदा हसतो आणि मग त्याला बघायला काही उरत नाही. प्रसंग होता तसाच राहिला, वस्तू तेवढ्या नव्या आल्या. म्हणून आधी एका वाक्यात लिहून काढा: या प्रसंगात कोण कशात अडकलंय? मोबाइल, गाडी, इंटरनेट यांचं नाव न घेता ते वाक्य जमलं पाहिजे.

सेतुबंधनाचंच घ्या. वाल्मीकींच्या युद्धकांडात राम तीन रात्री किनाऱ्यावर दर्भ अंथरून पडून राहतो आणि सागराकडे वाट मागतो. सागर येत नाही. मग रामाचा संयम सुटतो, तो धनुष्य उचलतो, समुद्र आटवून टाकीन म्हणतो. तेव्हा सागर प्रकट होतो आणि जे बोलतो ते फार मोलाचं आहे. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, तेज आपापल्या स्वभावाला धरून असतात, अथांग असणं हा माझा स्वभाव आहे, असं त्याचं म्हणणं. तो वाट करून देत नाही, वानरसेनेतला नल पूल बांधू शकेल एवढं सांगतो.

म्हणजे पेच असा: विनवणी करून झाली, उत्तर नाही, हातात ताकद आहे. ती वापरायची का? हा प्रश्न कोकण किनाऱ्यावर आज जिवंत आहे. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन नौका (मोठ्या जाळ्यानं माशांचा अख्खा थवा वेढणाऱ्या) यांचा वाद सिंधुदुर्गात कित्येक वर्षं चालू आहे आणि त्याच्या मुळाशी दर्याकडून किती आणि कसं घ्यायचं हेच आहे. शिवाय नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणाऱ्या गावात माणूस समुद्राशी बोलतो, हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. वानरसेनेसाठीही लांब जायला नको. किनाऱ्यावर दोर धरून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसांची रांग बघा. प्रत्येकाचं बळ थोडं, पण एका तालात. ॲनिमेशनला याहून चांगली छायाकृती मिळणार नाही.

मालिकेलाच मूळ ग्रंथ समजणं

मयसभेत पडलेल्या दुर्योधनाला द्रौपदी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हणते, यावर अख्खी पटकथा उभी करणारे विद्यार्थी भेटतात. मूळ सभापर्वात हे वाक्य तिच्या तोंडी नाही. लक्ष्मणरेषाही वाल्मीकी रामायणात नाही, ती नंतरच्या परंपरेतून आली. लोकांत रुजलेली कथा घ्यायला काहीच हरकत नाही, दशावतारी मंडळी तेच करत आली आहेत. पण आपण कुठली कथा घेतोय हे ठाऊक हवं, नाहीतर परीक्षकांच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर सुचत नाही. महाभारतासाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेची १९६६ साली पूर्ण झालेली चिकित्सक आवृत्ती आहे, ती आधाराला ठेवा.

याच्याच जोडीला हक्कांचं भान ठेवा. व्यासांची गोष्ट सगळ्यांची आहे, पण तिचा अलीकडचा अनुवाद, त्यावरचं गाणं, मालिकेचं शीर्षकसंगीत तसं नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. पार्श्वसंगीतासाठी गावातला पेटीवाला आणि मृदंगवादक गाठा, परवानगी लेखी घ्या आणि त्यांचा मोबदला द्या.

सगळं युद्ध पाच मिनिटांत

हिशेब साधा आहे. सेकंदाला २४ फ्रेम, आणि एक चित्र दोन फ्रेम ठेवलं तरी सेकंदाला १२ चित्रं. तीन मिनिटांच्या फिल्मला २,१६० चित्रं, तीही पडद्यावर एकच पात्र हलत असेल तर. त्यामुळे एकच प्रसंग घ्या आणि त्यातलीही एकच संध्याकाळ. ॲनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं आवाजासह वेळेत बसवून, गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला दाखवा. मध्ये काही समजावून सांगू नका. त्याला कळलं नाही तर सुंदर रंगवूनही कळणार नाही.

चित्रं कमी करायचा उत्तम मार्ग कुडाळजवळ पिंगुळीत आहे. तिथला ठाकर समाज चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं), कळसूत्री (दोरीनं हलणाऱ्या बाहुल्या) आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतो आहे, याच कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चामड्याची बाहुली मोजक्याच सांध्यांत हलते. तीच शिस्त कट-आउट ॲनिमेशनला, म्हणजे पात्राचे सुटे तुकडे सांध्यांवर हलवण्याला, लावली तर एकटा विद्यार्थीही फिल्म पुरी करू शकतो. मात्र नेटवरून चित्रकथीचे डोळे आणि वारलीची माणसं उचलून एका फ्रेममध्ये घालू नका. वारली पालघर-डहाणूकडची, तिचं व्याकरण वेगळं. पिंगुळीला जा, ठाकर आदिवासी कला आंगण बघा, प्रयोग बघा, विचारून घ्या.

समुद्र चुकीच्या बाजूला

मूळ प्रसंग दक्षिण किनाऱ्यावरचा. तो कोकणात आणलात की ऊन बदलतं. इथे सूर्य समुद्रात मावळतो, त्यातून उगवत नाही, तरी समुद्रातून उगवणारा सूर्य फिल्मांमध्ये हमखास दिसतो. कारण पार्श्वचित्रं नेटवरचे फोटो बघून काढलेली असतात.

हेच नीट केलंत तर तीन रात्रींचा काळ एकाही अक्षराशिवाय दाखवता येतो. राम पाण्याकडे तोंड करून बसलाय. संध्याकाळी ऊन चेहऱ्यावर, सकाळी पाठीवर, म्हणून सकाळी त्याची सावली लांबलचक होऊन पाण्याकडे जाते. दोन भरत्यांमध्ये साधारण सव्वाबारा-साडेबारा तास असतात आणि भरती रोज पाऊण तासाच्या वर उशिरा येते. म्हणजे दुसऱ्या सकाळी त्याच वेळी पाणी वेगळ्या जागी हवं. ओल्या वाळूची रेषा, तिच्यावर अडकलेला फेस आणि काटक्या, आणि दर सकाळी सावलीच्या टोकापासून पाण्याचं बदललेलं अंतर. राम हललेला नाही, तरी वेळ गेला. कॅमेरा हलवायची गरज नाही, तीन पार्श्वचित्रं पुरतात.

ऋतूही सांभाळा. पावसाळ्यातला दर्या गढूळ असतो, निळा नसतो. आणि यांत्रिक नौकांना जून-जुलैत मासेमारी बंदी असते. धो धो पावसात ट्रॉलर जाळं ओढताना दाखवलात तर देवगड-मालवणचा प्रेक्षक पुढचं काही मनावर घेणार नाही.

मालवणी फक्त हसवायला

राम-सीता पुस्तकी मराठीत, आणि मालवणी बोलणारा एकटा विदूषक किंवा राक्षस. ही वाटणी मला फार खटकते. दशावतारात संकासुर मालवणीतून हसवतो हे खरं, पण तिथे प्रेक्षकही तीच बोली बोलणारा असतो. फिल्म कोकणात घडत असेल तर ‘माका वाट दी’ हे वाक्य रामाच्या तोंडी ठेवून बघा. हळू, ठामपणे म्हटलं की त्यात विनवणीही येते आणि धारही. बोली ज्याच्या घरची आहे त्याच्याकडूनच आवाज घ्या आणि ओठांची हालचाल त्या रेकॉर्डिंगवरून करा, लिहिलेल्या संवादावरून नको.

शेवटच्या आठवड्यात रडवणाऱ्या गोष्टी

रेंडर, म्हणजे तयार फ्रेम बाहेर काढणं, थेट व्हिडिओ फाइलमध्ये करू नका. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि अर्धवट व्हिडिओ वाया जातो. पीएनजी फ्रेमची मालिका काढा, वीज आली की पुढच्या फ्रेमपासून सुरू करता येतं.

ब्लेंडरमध्ये सपाट रंग फिके दिसले तर कलर मॅनेजमेंटमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म ‘स्टँडर्ड’ करा. आवाज आणि ओठ हळूहळू सुटत गेले तर फ्रेमरेट तपासा. २४ वर केलेलं काम २५ वर एक्स्पोर्ट झालं की मिनिटाला २.४ सेकंदांचा फरक पडतो. आवाज ४८ किलोहर्ट्झवर घ्या, आणि पत्र्याच्या छपराखाली पावसात घेऊ नका.

श्रेयनामावलीत देवनागरी फुटते ती वेगळीच. काही सॉफ्टवेअर जोडाक्षरं तोडतं, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न ठेवता उजवीकडे टाकतं. नावं इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून पाथ (अक्षरांचे नुसते आकार) किंवा पीएनजी करून आणा. एक्स्पोर्ट झाल्यावर वहीतली यादी हातात घेऊन प्रत्येक नाव पडद्यावर वाचा. ज्यांनी पेटी वाजवली, बोली दुरुस्त केली, पिंगुळीत बाहुली हातात दिली, त्यांची नावं आधी.