घरची राईस मिल चालवताना: वजनकाटा, तूस आणि शेजार

गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यातील लहान राईस मिली बहुधा एकेका कुटुंबाच्या असतात. कंपनी कायदा 2013 मधील नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामांवर खर्चण्याचे बंधन मोठ्या कंपन्यांसाठी असल्याने आपल्याकडे उत्सवाची वर्गणी आणि शाळेला दिलेले पंखे यांनाच सामाजिक बांधिलकी समजले जाते. माझ्या मते ती वजनकाट्यापासून सुरू होते.

काट्यावरील वैधमापन विभागाची मुद्रा मुदतीत ठेवावीच, शिवाय 20 किलोचे एक प्रमाणित वजन काट्याशेजारी उघड्यावर ठेवावे, म्हणजे ज्याला शंका येईल त्याने ते स्वतः उचलून काटा पारखावा. सुरुवातीला चार-दोन जण पारखतात. नंतर त्या वजनाला कोणी हात लावत नाही, तरीही ते तेथून हलवू नये.

दुसरा वाद उताऱ्याचा, म्हणजे धानातून किती तांदूळ निघतो याचा. एक क्विंटल धानात साधारण 20 किलो तूस आणि 7-8 किलो कोंडा निघतो. शासकीय भरडाईत साध्या तांदळाचा 67 किलो आणि उकड्याचा 68 किलो उतारा धरला जातो, हे शेतकऱ्याला आधीच सांगावे. भरडाईसाठी धानातील ओल 14 टक्क्यांच्या आसपास हवी. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला तर धान वाळले आहे; चेपला तर परत वाळवायला सांगावे, मग गिऱ्हाईक नाराज झाले तरी चालेल. उलट कडक उन्हात करपलेल्या धानाला आतून चिरा जातात आणि पॉलिशरमध्ये त्याची कणीच जास्त पडते; हा दोष यंत्राचा नव्हे, हे मूठभर धान सोलून, दाणे उजेडात धरून दाखवता येते. कोंडा व कणी शेतकऱ्याची की मजुरीपोटी मिलची, हे भरडाईच्या दरासोबत फलकावर ठळक लिहावे. आमच्या घरातली जुनी भांडणे बहुतेक या कोंड्यावरूनच झाली होती.

तुसाकडे मात्र आम्ही फार उशिरा लक्ष दिले. एका मार्गशीर्षात वारा फिरला आणि आमच्या पंख्यातून उडालेले तूस मागच्या गल्लीतल्या वाळवणावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी पापडांचे ताट तसेच्या तसे आणून आमच्या ओट्यावर ठेवले. त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यानंतर आम्ही धूळ पकडणारा सायक्लोन बसवला, तुसासाठी बंद खोली बांधली आणि रात्री 8 नंतर मिल बंद ठेवू लागलो. तूस वीटभट्टीला किंवा बॉयलरला विकले जाते, पण त्याची राख आणि उकड्या तांदळाचे भिजवणीचे आंबूस पाणी गावाच्या नाल्यात सोडणे हा शुद्ध अन्याय आहे. पाणी मुरवण्याची सोय नसेल तर उकड्याच्या धंद्यात पडू नये.

हमालांसाठी 50 किलोपेक्षा जड पोते भरू नये. यंत्राच्या फिरत्या पट्ट्यांवर जाळी, झाडणाऱ्या बायांना नाकावर बांधायला फडके आणि पदर खोचण्याची सक्त ताकीद, एवढे तरी हवेच. कोंडा एका दिवसात तेलगिरणीला पाठवावा, कारण तो लवकर खवट होतो.

घरातल्यांचा पगार वहीत वेगळा लिहावा. मिलच्या गल्ल्यातून लग्नाचा खर्च निघाला की शेतकऱ्याचे चुकारे थांबतात, आणि ते उशिरा का मिळाले हे गावाला दुसऱ्याच दिवशी कळते.