गुंगीचं इंजेक्शन घेताय? घरून होणाऱ्या या चुका टाळा

एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून पोट पाहणं), कोलोनोस्कोपी (तशीच नळी घालून मोठं आतडं पाहणं) यांसारख्या तपासण्यांसाठी बहुतेक वेळा पूर्ण भूल देत नाहीत, हलकं सेडेशन म्हणजे गुंगी देतात. शिरेतून मिडाझोलाम हे गुंगीचं औषध, कधी जोडीला फेंटॅनिल हे वेदना कमी करणारं; भूलतज्ज्ञ सोबत असतील तर प्रोपोफॉल हे जास्त जोरदार औषध. मिडाझोलामच्या हलक्या गुंगीत झापड येते, पण हाक मारली की पेशंट डोळे उघडतो आणि श्वास स्वतःच घेत असतो. प्रोपोफॉलची गुंगी पटकन खोल जाते, म्हणून त्यावर नजर ठेवायला वेगळा माणूस लागतो. एंडोस्कोपी तर थोड्याच मिनिटांत आटोपते, त्यामुळे घरचे हे सगळं फारसं मनावर घेत नाहीत. मी इंदूरमध्ये एंडोस्कोपीच्या खोलीत नर्स आहे. आमच्याकडे गडबड होते ती बहुधा आदल्या रात्री घरी किंवा नंतर पार्किंगमध्ये.

रिकामं पोट म्हणजे नक्की किती रिकामं?

साध्या हलक्या खाण्यानंतर किमान 6 तास जायला हवेत, तळलेल्या किंवा तुपकट खाण्यानंतर 8. पाणी मात्र 2 तास आधीपर्यंत चालतं. रात्री साडेअकराला सराफ्याच्या खाऊबाजारात तळलेले गराडू खाल्ले आणि सकाळी साडेसहाला नंबर असला, तर हिशोब चुकलाच. पहाटे फक्त दोन घास पोहे खाल्ले तरी तेच. सगळ्यात जास्त फसवतो तो दुधाचा चहा. लोक त्याला पाण्यात मोजतात, पण दुधाला खाण्याचाच नियम लागू होतो, 6 तासांचा. बिनदुधाचा चहा चालतो.

इतकी कडक शिस्त कशासाठी? जागेपणी पोटातलं काही घशाशी आलं तर आपण खोकून ते बाहेर टाकतो. गुंगीत ही राखण ढिली पडते आणि ते फुप्फुसात उतरू शकतं. म्हणून काही खाल्लं असेल तर सांगून टाका. तपासणी पुढे ढकलली तर एक दिवस वाया जातो, इतकंच. वजनासाठी किंवा शुगरसाठी सेमाग्लुटाइडसारखं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं. कोलोनोस्कोपीला पोट साफ करण्याचं औषध असतं, त्याचं वेळापत्रक वेगळं. तिथे डॉक्टरांनी लिहून दिलेला कागदच पाळायचा.

न सांगितलेली गोळी

मला सर्वांत जास्त काळजी याच चुकीची वाटते. फॉर्म भरताना मी विचारते, "काका, झोपेची गोळी वगैरे घेता का?" काका ठामपणे नाही म्हणतात. शेजारी काकू पर्सची चेन उघडतात, औषधांचा डबा काढतात आणि त्यातून अल्प्राझोलामची अर्धी पट्टी माझ्यापुढे धरतात. "ही रात्री घेतात हो, पण ती टेन्शनची आहे." काकांनी खोटं सांगितलेलं नसतं. त्यांच्या लेखी ती झोपेची गोळी नसतेच.

आमच्यासाठी ती मिडाझोलामच्याच घराण्यातली गोळी. रोज घेणाऱ्याला गुंगीचा नेहमीचा डोस कधीकधी पुरत नाही. उलट आदल्या रात्रीची गोळी अंगात असेल तर वरून दिलेलं औषध जास्त चढतं आणि श्वास मंदावतो. दारूचं आणि भांगेचं असंच. शिवरात्रीला किंवा रंगपंचमीला घेतली असेल तरी लाज बाळगू नका, आम्हाला डोस ठरवायचा असतो, न्याय करायचा नसतो. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं हे पेशंटला स्वतःला माहीत नसतं, ते बायकोने किंवा मुलाने सांगायचं. गुंगीत अशाच लोकांचा घसा आधी बंद होऊ लागतो.

ब्लडप्रेशरची गोळी बहुतेकदा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन आणि रक्त पातळ करणारी औषधं यांचा निर्णय मात्र घरी बसून करू नका, फोन करून विचारा. नेलपॉलिश काढून या, बोटावर लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र गडद रंगात चुकू शकतं. कवळी, सुटे दात आधीच सांगा.

"मी आता ठणठणीत आहे"

तासाभरात पेशंट उठून बसतो, नीट बोलतो, चप्पल घालतो आणि म्हणतो, "ताई, स्कूटरची किल्ली द्या, पलासियापर्यंतच तर जायचंय." मिडाझोलामचा गुण असा की माणूस शहाण्यासारखा बोलतो, पण नंतर त्याला त्यातलं काही आठवत नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट समजावून सांगितला, तोही विसरतो. म्हणून सोबत मोठं, जबाबदार माणूस हवंच. सोडायला आलेला रिक्षावाला ती सोबत नव्हे. रिपोर्ट ऐकायला तेच माणूस खोलीत बसलं पाहिजे. 24 तास गाडी चालवायची नाही, दारू नाही, कागदावर सही नाही, फोनवरून पैसे पाठवायचे नाहीत. घरी वयस्कर पेशंट असेल तर पहिल्या रात्री बाथरूमला त्यांच्याबरोबर जा, तोल जाण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.

काही नातेवाईक विचारतात, "उतारा देऊन लवकर सोडा ना." मिडाझोलामवर फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, पण तो अडचणीच्या वेळेसाठी. त्याचा असर आधी संपतो आणि पेशंट पुन्हा पेंगू लागतो. अशा पेशंटला तर आम्ही आणखी जास्त वेळ थांबवून ठेवतो.

घशात बधिर करणारा स्प्रे मारला असेल तर बधिरपणा जाईपर्यंत काही खाऊ-पिऊ नका, मग आधी एक घोट साधं पाणी पिऊन पाहा. घरी गेल्यावर हाका मारूनही पेशंट नीट जागा होत नसेल, श्वास लागत असेल, पोटात किंवा छातीत असह्य दुखत असेल, ताप आला, रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. दवाखान्याच्या कागदावरचा नंबर फिरवा किंवा 108ला फोन करा.