जुन्या एफ४ बोर्डावर बीटाफ्लाइट ४.५ चढवताना

बीटाफ्लाइट हे ड्रोनचं उड्डाण सांभाळणाऱ्या बोर्डावरचं फर्मवेअर, म्हणजे त्यात बसवलेलं सॉफ्टवेअर. एफ१, एफ३, एफ४ हे या बोर्डांवरच्या प्रोसेसरचे प्रकार. पंखे काढा, मग बोर्ड यूएसबीने संगणकाला जोडा. बीटाफ्लाइट कॉन्फिगरेटर या ॲपमधल्या सीएलआयमध्ये (आज्ञा टाइप करायच्या जागी) ‘व्हर्जन’ आणि ‘स्टेटस’ या आज्ञा दिल्या की टार्गेटचं (म्हणजे बोर्डाच्या मॉडेलचं) नाव आणि प्रोसेसर कळतो. एफ१ (नेझ३२, सीसी३डी हे बोर्ड) असेल तर ३.२ मालिकेवर थांबावं लागतं, एफ३ असेल तर ४.० वर. त्यांची फ्लॅश मेमरी अनुक्रमे १२८ आणि २५६ केबी. नवं फर्मवेअर त्यात मावत नाही. एफ४०५ (१ एमबी) आणि एफ४११ (५१२ केबी) मात्र ४.५ व्यवस्थित चालवतात.

टार्गेटचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. ‘ओम्नीबसएफ४’ आणि ‘ओम्नीबसएफ४एसडी’ हे दोन वेगळे बोर्ड आहेत. चुकीचं टार्गेट टाकलं तर जायरोची (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरची) दिशाच बदलू शकते आणि ड्रोन जमिनीवरून उठताक्षणी उलटतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. फ्लॅश करण्याआधी, म्हणजे नवं फर्मवेअर बोर्डावर लिहिण्याआधी, ‘डिफ ऑल’ या आज्ञेने निघालेल्या सेटिंग्जची फाइल बहुतेक जण ठेवतात, पण डिफमध्ये फक्त मूळ मूल्यांपेक्षा वेगळ्या असलेल्या ओळी येतात. नव्या आवृत्तीत मूळ मूल्यच बदललं असेल, तर तुमची जुनी सेटिंग त्या फाइलमध्ये कुठेच सापडत नाही. रेट्सचं, म्हणजे स्टिक किती हलवली की ड्रोन किती वेगाने फिरतो याचं, उदाहरण घ्या. पूर्वी रेट्सचा प्रकार मुळातच ‘बीटाफ्लाइट’ होता, ४.३ पासून तो ‘ॲक्चुअल’ झाला. जुने आकडे तसेच चिकटवले तर ते ‘ॲक्चुअल’ म्हणून वाचले जातात आणि स्टिकचा प्रतिसाद पार बदलून जातो. म्हणून डिफबरोबर सगळ्या सेटिंग्ज देणारा पूर्ण ‘डम्प’ही साठवा. रेट्स भरण्याआधी प्रकार ‘बीटाफ्लाइट’ करा.

फ्लॅश करताना बूट बटण दाबून धरूनच केबल लावा, म्हणजे डीएफयू मोड (नवं फर्मवेअर घेण्याची अवस्था) येतो. विंडोजवर तो दिसत नसेल तर झाडिग या प्रोग्रॅमने विनयूएसबी ड्रायव्हर बसवा. केबल फक्त चार्जिंगची तर नाही ना, हेही बघा. तरीही अडलं तर रिसीव्हर आणि जीपीएस काढून ठेवा: ते यूएआरटीवर (बोर्डाच्या सीरियल पोर्टवर) डेटा पाठवत राहिले की बूटलोडर (फर्मवेअर चढवून घेणारा प्रोग्रॅम) यूएसबी सोडून तिकडेच अडकतो. ‘फुल चिप इरेज’ (चिप पूर्ण पुसणं) चालू ठेवा.

४.४ पासून फर्मवेअर क्लाउडवर तुमच्या निवडीप्रमाणे तयार होतं. रिसीव्हरचा प्रोटोकॉल, मोटर प्रोटोकॉल, ओएसडी (व्हिडिओवर दिसणारी माहिती), व्हीटीएक्स (व्हिडिओ ट्रान्समीटर), जीपीएस यांपैकी जे वापरता तेच निवडा. एफ४११ वर तर ही काटकसर हवीच. प्रोटोकॉल निवडायचा राहिला तर वायरिंग बरोबर असूनही रिसीव्हर टॅबमधल्या पट्ट्या हलत नाहीत. अशा वेळी सोल्डरिंग उकलत बसू नका, बिल्ड पुन्हा करा.

मग जुन्या डिफमधून निवडक ओळी भरा: ‘सीरियल’ (पोर्टची कामं), ‘ऑक्स’ (मोडचे स्विच), चॅनेल मॅप, बोर्डाची दिशा, रेट्स. हाताने केलेलं ‘रिसोर्स’ रीमॅपिंग (पिनांची अदलाबदल) असेल तर तेवढंच घ्या. पीआयडी (ड्रोन स्थिर ठेवणारं नियंत्रण) आणि फिल्टरचे जुने आकडे घेऊ नका. फीडफॉरवर्ड, डी (हे पीआयडीचे भाग) आणि फिल्टर यांची रचना बदलली आहे. मूळ मूल्यांवर उडवून मग स्लायडरने जुळवा. डिफ ४.१ च्या आधीची असेल तर तिच्यात व्हीटीएक्स टेबल (चॅनेल आणि पॉवरची यादी) नसतंच. आपल्या व्हिडिओ ट्रान्समीटरचं टेबल वेगळं भरलं नाही तर ओएसडीतून चॅनेल आणि पॉवर बदलता येत नाही.

एफ४११ वर पीआयडी लूप ४ किलोहर्ट्झ आणि मोटर प्रोटोकॉल डीशॉट३०० ठेवा. द्विदिशा डीशॉट (मोटरचा वेग बोर्डाला परत कळवणारा) चालू करण्याआधी ईएससीचं (मोटर फिरवणाऱ्या सर्किटचं) फर्मवेअर पाहा. बीएलहेली३२ ची ३२.७ किंवा पुढची आवृत्ती चालते. मूळ बीएलहेली_एस चालत नाही, तिथे ब्लूजे हे फर्मवेअर टाकावं लागतं. नाहीतर आरपीएम फिल्टर (मोटरच्या वेगावरून कंपनं गाळणारा) ड्रोनला आर्म (उड्डाणासाठी सुरू) होऊच देत नाही.

पंखे लावण्याआधी बोर्ड हातात धरून पुढे, मागे, बाजूला कलवा आणि गोल फिरवा. पडद्यावरचं मॉडेल तसंच हललं पाहिजे. मोटरचा क्रम आणि दिशा तपासा, मग हातातला रेडिओ ट्रान्समीटर बंद करून फेलसेफ (सिग्नल तुटल्यावरची सुरक्षा) लागतो का ते बघा.