सामूहिक हिंसाचारातून वाचल्यावर मानसोपचार घेताना या चुका टाळा

"मला साधं खरचटलंही नाही, मग मी कशाला डॉक्टरकडे जाऊ?" गोळीबार, बॉम्बस्फोट किंवा दंगलीतून सुटलेल्यांच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं. पहिली चूक हीच, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारीही. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्याकडे बघून आपण स्वतःला रांगेच्या शेवटी उभं करतो. पण आघातानंतरचा तणावविकार, म्हणजे पीटीएसडी, अंगावरच्या जखमा मोजून ठरत नाही. डोळ्यांदेखत घडलेलं पाहिलं, किंवा जवळच्या माणसावर तसं ओढवल्याचं कळलं, तरी तो होऊ शकतो.

घाई आणि दिरंगाई

पहिले काही आठवडे दचकणं, झोप मोडणं, उगाच रडू येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही त्रास तसाच असेल, कामात किंवा घरात अडचण होत असेल, तर जायलाच हवं. काहींना त्रास सहा महिन्यांनीही सुरू होतो, त्यामुळे "आता इतक्या उशिरा काय?" असं मनात आणू नका. जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र महिन्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी मदत घ्या.

उलट चूकही होते. घटनेनंतर दोन-चार दिवसांत सगळ्यांना एकत्र बसवून "मन मोकळं करा" म्हणत सगळं वदवून घेणारे उत्साही लोक भेटतात. अशा एकाच बैठकीतल्या उजळणीची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही. बोलावंसं वाटलं तर बोला. नाही वाटलं तर सरळ नाही म्हणा.

डॉक्टरांना अर्धंच सांगणं

हॉटेलात गेल्यावर भिंतीला पाठ लावूनच बसायचं, आधी बाहेर पडायचे दरवाजे मोजायचे, रस्त्यावर टायर फुटला की पुढची पाच मिनिटं हात थरथरत राहायचे. आणि दवाखान्यात सांगायचं काय, तर "झोप लागत नाही." मग हातात झोपेची गोळी पडते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांनी तात्पुरतं बरं वाटतं, पण मूळ त्रास जात नाही आणि सवय लागते. दारूचंही तेच. त्यामुळे जाण्याआधी कागदावर लिहा: काय होतं, आठवड्यातून किती वेळा, कुठे जाणं टाळता. घरातलं कुणी सोबत न्या. तुम्हाला न दिसणारं त्यांना दिसत असतं.

तिसऱ्या-चौथ्या सत्रानंतर सोडून देणं

समुपदेशकाला पहिल्याच भेटीत विचारा, "आघातावरच्या कोणत्या उपचारपद्धतीचं प्रशिक्षण घेतलंय?" यात आगाऊपणा नाही. आघातकेंद्री सीबीटी (आघाताबद्दलचे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी), प्रोलाँग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना आणि जागांना हळूहळू सामोरं जायला लावणारी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणींवर काम करणारी) या पद्धतींना भक्कम पुरावा आहे. साधारण आठ ते पंधरा सत्रं लागतात. सुरुवातीला आठवणी ढवळल्या जातात, स्वप्नं वाढतात आणि माणूस म्हणतो, "याने तर आणखी बिघडलं." गडबड नेमकी इथे होते. गायब होण्यापेक्षा समुपदेशकाला तसं सांगा. वेग कमी करता येतो. सूर जुळतच नसेल तर समुपदेशक बदला, उपचार सोडू नका.

पीटीएसडीवर दिल्या जाणाऱ्या सरट्रालिनसारख्या नैराश्यविरोधी गोळ्यांचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. दहा दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणून, मनाने बंद करू नका.

पुन्हा पुन्हा व्हिडिओ बघणं

2013 च्या बॉस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतरच्या एका अभ्यासात, रोज सहा किंवा जास्त तास बातम्या बघणाऱ्यांमध्ये प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही तीव्र ताण आढळला. उपचार चालू असताना रात्री मोबाईलवर तीच दृश्यं फिरवत बसलात, तर दिवसाची मेहनत पाण्यात.

घटनेची तारीख जवळ आली की बऱ्या झालेल्या माणसालाही पुन्हा झोप लागेनाशी होते. उपचार संपले असले तरी त्या आठवड्यातली एक भेट आधीच ठरवून ठेवा.